बायोमेडिकल इंजिनिअरिंग : कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये

बारावीचे निकाल लागले, सीईटीचे गुण हातात पडले, की आम्हा शिकवणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. "मॅडम, नीट थोडक्यात हुकली. बायोमेडिकलला घातलं तर निदान मेडिकल लाइनला तरी राहील ना पोरगी?" विचारणाऱ्या आईच्या आवाजात इतकी आशा असते की नाही म्हणायला जिवावर येतं. तरी मी नाही म्हणते. ही पदवी इंजिनिअरिंगची आहे. नावामागे डॉक्टर लागत नाही, रुग्ण तपासता येत नाही, औषध लिहून देता येत नाही. प्रवेश भौतिक, रसायन आणि गणितावर होतो. पहिल्या वर्षी मेकॅनिकल-सिव्हिलच्या पोरांना जे ड्रॉइंग आणि जे गणित, तेच इथेही. गणिताचा कंटाळा म्हणून बायोलॉजी घेतलेल्या मुलीला इथे आणून बसवणं म्हणजे तिला आगीतून फुफाट्यात टाकणं आहे.

मग इथे शिकवतात तरी काय? दुसऱ्या वर्षापासून शरीररचना आणि शरीरक्रिया येते, पण सोबत सर्किट्स असतात, सिग्नल्स असतात, पुढे सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, एक्स-रे आणि एमआरआयसारख्या प्रतिमांचं तंत्र. यादी कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. मी एकच प्रात्यक्षिक जरा सविस्तर सांगते.

वर्गातला एक जण कॉटवर आडवा होतो. हातापायांना जेली लावून चिमटे बसवतात. छातीच्या आत हृदय धडधडतंय, पण त्याची वीज कातडीपर्यंत पोचते ती जेमतेम एक मिलिव्होल्ट. आणि खोलीतल्या भिंतींमधून, पंख्यातून, ट्यूबलाइटमधून पन्नास हर्ट्झची घरगुती वीज माणसाच्या अंगावर सतत चढत असते. माणूस म्हणजे साडेपाच फुटांची अँटेनाच. त्यामुळे पडद्यावर पहिल्यांदा हृदय दिसतच नाही, एक जाड, केसाळ सुरवंट सरपटताना दिसतो. पोरं पंखा बंद करतात, मोबाइल लांब ठेवतात. सुरवंट तिथेच.

आता सर्किट कामाला येतं. उजव्या आणि डाव्या हातावर जे सारखंच आहे ते टाकून द्यायचं, फरक तेवढा मोठा करायचा. शिवाय उजव्या पायाचा चिमटा. त्याच्यातून हृदयाचा सिग्नल घेतच नाहीत. अंगावर चढलेला गोंगाट उलटा करून त्या वाटेनं शरीरात परत सोडतात. ती तार नीट बसली की रेषा शांत होते आणि पुस्तकातला ईसीजी समोर उमटतो. वर्गातून "आयला!" असा आवाज येतो तो याच क्षणी. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करते.

पण खरी गंमत त्यानंतरची. श्वासाबरोबर ती रेषा अजूनही वर-खाली डोलत असते. एखादा हुशार मुलगा म्हणतो, फिल्टर कडक लावतो, सरळ होईल. होतेही सरळ. मात्र त्याच फिल्टरनं ईसीजीतला एसटी नावाचा भाग वाकडा होऊ शकतो, आणि हृदयविकाराचा झटका आहे की नाही हे डॉक्टर पाहतात ते नेमकं त्या भागात. रेषा देखणी झाली, निदान चुकलं. इतर शाखांत सिग्नल स्वच्छ केला की शाबासकी मिळते. इथे काय पुसलं, त्याचाही जाब द्यावा लागतो.

असाच जाब द्यावा लागणारं दुसरं यंत्र म्हणून करोनात घराघरांत पोचलेला ऑक्सिमीटर घ्या. १९७४ साली जपानमध्ये ताकुओ आओयागी या इंजिनिअरनं त्याचं मूळ तत्त्व मांडलं. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जाऊ द्यायचे आणि नाडीच्या ठोक्यागणिक दोन्हींत होणारा बदल ताडून पाहायचा. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की काळ्या वर्णाच्या रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना हे यंत्र तो ठीक दाखवण्याची चूक गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा करतं. सावळ्या लोकांच्या देशात हा प्रश्न परीक्षेत दहा मार्कांना यायला हवा.

डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र आले की काय घडतं, याचं आपल्याकडचं उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं. हृदयाची कृत्रिम झडप परदेशातून यायची, किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. शल्यविशारद डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सोबतच्या इंजिनिअरांनी देशी झडप करायला घेतली. पहिली तीन प्रारूपं एकामागून एक बाद झाली. चौथं टिकलं, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. त्यातली प्लास्टिकची चकती दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडते-मिटते, तीही वर्षानुवर्षं, आणि मध्ये दुरुस्तीला काढता येत नाही.

अशा कहाण्या ऐकून मुलं म्हणतात, आम्हाला यंत्र शोधायचंय. जरूर शोधा. मुंबईच्या आयआयटीत २०१४ पासून 'बेटिक' नावाचं केंद्र वैद्यकीय उपकरणं घडवण्याचंच काम करतंय. पण दुसऱ्या एका कामाबद्दल आपली मुलं नाक मुरडतात, त्याचं मला वाईट वाटतं. ते म्हणजे रुग्णालयातली यंत्रं चालू ठेवणं. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये यासाठी देखभालीचा कार्यक्रम आखला. त्या निमित्तानं सरकारी रुग्णालयांतल्या यंत्रांची मोजदाद झाली, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद निघाली. बंद म्हणजे जळालेलीच असतात असं नाही. कुठे बॅटरी उतरलेली असते, कुठे बोटाला लावायचा प्रोब तुटलेला, कुठे अर्थिंग धड नसतं, कुठे एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराची मुदत, संपलेली आणि नूतनीकरणाची फाइल भिजत पडलेली. नवजात बाळाच्या वॉर्मरचं तापमान खरं आहे का, सिरिंज पंप तासाला पाच मिलिलिटर म्हणतो तेव्हा पाचच जातं का, हे कोणीतरी मोजून सही करायची असते. ही सही करणारा इंजिनिअर माझ्या मते शोध लावणाऱ्याइतकाच मोठा. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि रात्री-अपरात्री ब्रेकडाउन कॉल येतो, हेही सांगून टाकते.

बाकी वाटा आहेत. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आल्यापासून कंपन्यांना चाचण्या आणि कागदपत्रं जाणणारी माणसं लागतात. एम.टेक.च्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. पदवीसाठी मुंबई विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयं आहेत, बाहेर हैदराबादची आयआयटी, राउरकेलाची एनआयटी आहे.

प्रवेशाआधी कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत कमी बघा. प्रयोगशाळेत एखादा जुना व्हेंटिलेटर उघडून ठेवलाय का, तो मुलांना हाताळू देतात का, ते विचारा. शेवटच्या वर्षाच्या मुलाला गाठून विचारा, की रुग्णालयात प्रत्यक्ष किती दिवस काढलेस. आणि प्लेसमेंटचा आकडा अभिमानानं सांगतील, तेव्हा त्यातले किती जण आयटीत गेले, तेही विचारून घ्या.