घाटवाटेवरची झोळी

(मदतनीस मंडळींच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्चअखेरीस आपल्या तरुण संघाने सह्याद्रीत तीन दिवसांचा पायी प्रवास केला. त्याचा अहवाल द्यावा असे मला सांगण्यात आले आहे. अहवाल देतेच, पण शेवटी तुमच्याकडे काही मागणारही आहे. ती मागणी या वाटेवरच मिळाली, म्हणून आधी वाट सांगते.

मुरबाड तालुक्यातल्या खोपिवलीहून आहुपे घाट चढायचा, घाटमाथ्यावरच्या आहुपे गावात मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी कोंढवळमार्गे जंगलातून भीमाशंकर गाठायचे आणि तिसऱ्या दिवशी गणपती घाटाने कर्जत तालुक्यातल्या खांडसला उतरायचे, असा बेत होता. आम्ही अकरा जण होतो. वनखात्याची परवानगी घेतली होती. प्रत्येकाच्या पाठीवर आठ-दहा किलोची सॅक होती. सोबत वाट दाखवायला महादेव कोळी समाजाचे एक मामा होते. त्यांच्याकडे एक काठी, कमरेला कोयता आणि फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी, एवढेच सामान होते.

आपल्यातल्या पुष्कळांना वाटते की हे घाट म्हणजे गिर्यारोहकांच्या वाटा. त्या तशा नाहीत. कोकण आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या या जुन्या नेहमीच्या वाटा आहेत. लग्नाचे वऱ्हाड, बाजाराचे ओझे, विकायला नेलेली कोंबडी, माहेरी निघालेली लेक, सारे याच वाटेने जात आले. चढताना मागे गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. आम्ही फोटोसाठी थांबत होतो. एवढ्यात वरून दोन बाया डोक्यावर पाट्या घेऊन आल्या, आम्हाला वाट करून दिली आणि झपाझपा उतरूनही गेल्या.

आहुपे गावात आम्हाला पहिली गोष्ट दिसली ती अंगणात वाळत घातलेला हिरडा. कोवळे फळ वाळवले की त्याला बाळहिरडा म्हणतात. औषधासाठी आणि कातडी कमावण्यासाठी त्याला मागणी असते. खरीपाचे भात आणि नाचणी संपत आली की या भागातल्या घरांचा रोख पैसा म्हणजे हिरडा. झाडावर चढून फांदी हलवायची, खालची फळे वेचायची, उन्हात वाळवायची आणि मग विकायची. ज्या घरी उतरलो, त्या घरच्या मावशींनी विचारले, "ताई, तुमच्या शहरात ह्याला काय भाव हाये?" आमच्यातल्या एका मुलाने मोबाईलवर चूर्णाच्या डबीची किंमत काढून दाखवली. मावशींनी हातातला मूठभर हिरडा पाहिला, हसल्या आणि म्हणाल्या, "मंग वाळवायचं ऊन कुणाचं धरलं?" त्यावर आमच्या पदवीधर मुलांना उत्तर देता आले नाही.

गावाजवळ देवराई आहे. तिथल्या झाडांना कुऱ्हाड लावायची नाही, हा पूर्वजांनी घालून दिलेला नियम. त्यांची श्रद्धा वेगळी, माझी वेगळी. तरी एवढे म्हणते की, पिढ्यान् पिढ्या दिलेला शब्द पाळून त्यांनी जी झाडे राखली, त्यांची सावली आम्हीही घेतली.

दुसरा दिवस जंगलाचा होता. भीमाशंकरचे अरण्य पावसाच्या पाण्यावर वाढलेले, बऱ्याच अंशी सदाहरित आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्यांना अडतात आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ओततात. जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा यांची दाटी अशी की मार्चमध्येही वाटेवर ऊन क्वचित पडते. अंजनीला निळी फुले आली होती. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले ते मुख्यतः शेकरूसाठी, म्हणजे आपल्या राज्यप्राण्यासाठी. मामांनी झाडांच्या शेंड्यांत त्याची घरटी दाखवली. "एका शेकराची घरटी चार-पाच बी असत्यात," ते म्हणाले. "आनि त्ये भुईवर सहसा उतरत न्हाई. फांदीला फांदी लागली पायजे, तरच त्याची वाट." पावसाळ्यात इथले कुजके लाकूड रात्री मंद हिरवे उजळते, हेही त्यांनी सांगितले. त्यांना त्याचे नवल नव्हते. पावसाळ्यातल्या रात्री त्या उजेडातून घरी येणारा माणूस तो.

इथेच भीमा उगम पावते. पंढरपूरला तीच चंद्रभागा होते आणि पुढे कृष्णेला मिळते. लाखो लोकांची शेते ती भिजवते. आणि उगमाच्याच डोंगरात, वाटेवरच्या एका वाडीत, बाया झऱ्याच्या खळग्यात वाटीने पाणी भरत बसल्या होत्या. उतार तीव्र, खाली काळा कातळ, त्यामुळे एवढा पाऊस पडूनही पाणी थांबत नाही. हिवाळा सरला की झरे आटू लागतात. एक हंडा भरायला अर्धा तास लागत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांनी तो भरलेला हंडा पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी पानी प्या." आमच्या बाटल्या रिकाम्या होत्या. आम्ही प्यालो.

भीमाशंकरच्या देवळात एक मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत गेल्या. ही त्यांतलीच एक. मुलांना त्या घंटेचे फार अप्रूप वाटले. मला मात्र वाटले, तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. एवढे जड धातूचे ओझे या डोंगरावर आले ते खांद्यांवरून आणि जनावरांच्या पाठीवरूनच. घंटा देणाऱ्याचे नाव इतिहासात आहे. वाहणाऱ्यांची नावे कोण लिहिणार?

आता तिसऱ्या दिवसाविषयी, कारण माझे खरे सांगणे त्यातच आहे.

भीमाशंकरहून उतरताना घाट अर्ध्यावर एका सपाटीवर थांबतो. अशा टप्प्याला सह्याद्रीत पदर म्हणतात. त्या परिसरातल्या एका वाडीत आम्ही दुपारी थांबलो. वाडीचे नाव मी मुद्दाम घेत नाही. ज्या घरात बसलो तिथे आढ्याला लुगड्याची झोळी बांधली होती आणि तीत सात-आठ महिन्यांचे बाळ झोपले होते. आजी दोरी ओढत होती. तिने सांगितले ते असे.

हे बाळ श्रावणात जन्मले. रात्री सुनेला कळा सुरू झाल्या, रक्त जाऊ लागले. गाडीचा रस्ता खाली, दोन तासांवर. चौघांनी बांबूला चादर बांधून झोळी केली, सुनेला तीत घातले आणि मुसळधार पावसात निघाले. वाटेत ओढा आहे. ओढ्याला पूर आलेला. पाणी उतरेपर्यंत झोळी खांद्यावर घेऊन ते अलीकडे उभे राहिले. खाली ठेवणार कुठे? सगळा चिखल. बाळ तिथेच, ओढ्याकाठी, छत्र्यांच्या आडोशाला झाले. बाळ वाचले. सुनेला पहाटे पलीकडे नेले, पण दवाखान्याच्या दारात पोहोचण्याआधीच ती गेली.

आजीने हे रडून सांगितले नाही. दोरी ओढता ओढता सांगितले. मग विचारले, "जेवून जाल ना?" आणि आम्हा अकरा जणांना नाचणीची भाकरी, पिठले आणि वाटलेली मिरची वाढली.

बंधुभगिनींनो, मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केला तेव्हा मार्काच्या सहाव्या अध्यायावर निबंध लिहिला होता. प्रभूने बारा शिष्यांना पाठवताना वाटेसाठी काठी चालेल म्हटले, पण भाकरी, झोळी आणि पैसे नकोत म्हटले. लूकच्या दहाव्या अध्यायात आणखी शिष्यांना पाठवताना तो सांगतो की, ज्या घरात घेतील तिथे राहा आणि समोर वाढतील ते खा. यातून साधेपणा आणि विश्वास शिकायचा, असे आपण उपदेशांत ऐकतो. त्या घरात पिठले-भाकरी खाताना मला त्यातली आणखी एक गोष्ट कळली. ज्याच्याजवळ झोळी नाही, त्याला दुसऱ्याच्या ओटीवर बसावे लागते. तो देणारा म्हणून घरात शिरू शकत नाही, पाहुणा म्हणूनच शिरतो. आणि घरातले लोक पाहुण्याजवळ जे बोलतात, ते वाटप करायला आलेल्या माणसाजवळ बोलत नाहीत. रांगेत उभा असलेला माणूस मिळेल ते घेतो आणि जातो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. त्यांचा जन्म १८५८ साली याच सह्याद्रीत, दक्षिणेकडे गंगामूळच्या अरण्यात झाला. लहानपण आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी हिंडण्यात गेले. दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनाची वाढ झाली. उपाशी मुलीला काय लागते, हे रमाबाईंना कुणी अहवालातून सांगावे लागले नाही.

त्या दुपारी जेवणानंतर वाडीतले लोक जमले. मी विचारले, "आमच्याकडून काय व्हावे?" कपडे कुणी मागितले नाहीत, भांडी मागितली नाहीत. ओढ्यावर साकव हवा, असे सगळे एका सुरात म्हणाले. "दगड आमी वाहू, मजुरी नको," हेही म्हणाले. गाडीचा रस्ता होईल तेव्हा होवो, पण झोळी घेऊन पावसात ओढा ओलांडता यावा.

त्यांना सांगण्यात आले होते की वनजमिनीवर काही बांधता येत नाही. हे पूर्ण खरे नाही. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये रस्ता, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. अट अशी की, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे पडू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. हा कायदा वाडीत कुणी वाचून दाखवला नव्हता. आमच्या मुलांनी त्या ओटीवर बसून तो मोबाईलवरून मोठ्याने वाचला. दोनदा वाचायला लावला.

तिथून खाली खांडसच्या बाजूला उतरलो, तेव्हा एक कातकरी वाडी लागली. जवळजवळ रिकामी. कातकरी ही आपल्या राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल राखीव झाले, तो धंदा बसला. आता दिवाळी झाली की घरेच्या घरे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीत तीन म्हाताऱ्या आणि एक आंधळे आजोबा होते. शाळेचा पट भरलेला, वर्ग रिकामा. "पोरं कुठं?" असे विचारल्यावर एका म्हातारीने पश्चिमेकडे हात केला. म्हणजे कल्याण, भिवंडी, पनवेलकडे. म्हणजे, बंधुभगिनींनो, तुमच्याकडे. डोंगरात आम्ही ज्यांना शोधायला गेलो, ती मुले आपल्या कितीतरी मंडळ्यांच्या उपासनेच्या घंटेच्या टप्प्यात विटा थापत आहेत.

आता माझी मागणी. चार गोष्टी आहेत.

पहिली. त्या वाडीच्या साकवासाठी ग्रामसभेचा ठराव, नकाशा आणि तालुक्याच्या ठिकाणचे हेलपाटे यासाठी आपल्या कार्यकर्त्यांचे दिवस द्या. आपल्या मंडळीत निवृत्त अभियंते आहेत, वकील आहेत. पावसाळ्यापूर्वी एकदा डोंगर चढून ओढा पाहा.

दुसरी. साकव होईपर्यंत झोळीच्या जागी पट्ट्यांचे घडीचे स्ट्रेचर आणि ते वाहायचे, रक्तस्राव झालेल्या बाईला सांभाळायचे शिक्षण वाडीतल्या तरुणांना आणि बायांना मिळावे. यासाठी परिचारिका भगिनींनी पुढे यावे. खर्चाला पैसे लागतील, ते त्या वेळी मागेन.

तिसरी. आपल्या गावाजवळच्या वीटभट्टीवर एक रविवार जा. काही वाटू नका. मुले किती आहेत, कुठल्या वाडीची आहेत, जवळची शाळा किती दूर आहे, एवढे विचारून या आणि आम्हाला कळवा. भट्टीजवळच्या शाळेत त्यांचे नाव घालता येते. पण त्यासाठी मुले कुठे आहेत हे आधी कुणाला तरी ठाऊक हवे.

चौथी. दरवर्षीप्रमाणे नाताळात ब्लँकेटे द्यायची असतील, तर जरूर द्या. डोंगरातली थंडी कडक असते. पण देण्याआधी त्या घरी एक रात्र राहा, त्यांच्या ताटातले खा, आणि मग ठरवा. पुढच्या मार्चमध्ये तरुण संघ पुन्हा जाणार आहे. या वेळी चाळिशी-पन्नाशीच्यांनीही नावे द्यावीत. घाट चढायला चार तास लागतात, पण चढता येतो. मी चढले आहे.

आजीने निघताना आमच्या एका मुलीच्या हातात फडक्यात बांधलेल्या चार भाकरी दिल्या. वाटेसाठी. त्या आम्ही खांडसला एसटीची वाट पाहत खाल्ल्या. त्या घरचे देणे आपल्यावर राहिले आहे, आणि ते फेडायला जून लागायच्या आत वर जायचे आहे. प्रभु आपल्या पायांना बळ देवो. आमेन.