अर्ध्या सावलीतली कबरी पाने



कामगार संघटनेच्या माणसाने पानांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्यांच्या अंगणावर शेजारच्या इमारतीची सावली पडते, ज्यांच्या गॅलरीत ऊन सकाळी तासभर डोकावून जाते, अशांतच माझा वावर. त्यांना माळी सांगतो, ‘तुमच्याकडे गुलाब फुलायचा नाही.’ खरे आहे. पण म्हणून बागच होणार नाही, हे खरे नाही. फुलांची हौस पाने भागवतात, आणि तीही बारा महिने.

हिरव्या पानावरचा पांढरा पट्टा म्हणजे काय? तेथे हरितद्रव्य नाही. तो भाग स्वतः अन्न करीत नाही. शेजारच्या हिरव्या भागाने केलेल्यावर पोसला जातो. (टाळ्या नकोत; आमचे दृष्टांत झाडांना लागू पडत नाहीत.) म्हणून अशी झाडे सावकाश वाढतात. दुपारच्या उन्हात पांढरा भाग करपतो आणि गच्च अंधारात मनीप्लांटचे पिवळे शिंतोडे फिके पडतात. त्यांना अर्धी सावलीच मानवते. मनीप्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. तो चोरून आणला तर पैसा येतो म्हणतात! वेल छताला पोचलेली आणि पगार जागच्या जागी असलेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

कबऱ्या झाडाला कधी निव्वळ हिरवी फांदी फुटते. ती जोमदार असते. राहू दिली तर सारे झाड बळकावते. दिसताच बुडापासून कापावी.

पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटची गंमत निराळी. पानाचा तुकडा मातीत खोचला की रुजतो, पण येणारे रोप साधे, बिनकाठाचे. पानात दोन जातींच्या पेशींचे थर एकत्र नांदत असतात, आणि तुकड्यातून फुटणाऱ्या नव्या कोंबात ती जोडी टिकत नाही. काठ हवा असेल तर मुळांसकट गड्डा फोडून वाटणी करावी.

याहून नवलाची गोष्ट आपल्या परसातल्या गुलबक्षीची. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी 1909 साली कबऱ्या पानांच्या गुलबक्षीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पराग कोणत्याही फांदीचा घ्या. हिरव्या फांदीवरच्या बियांची रोपे हिरवी, पांढरीवरची पांढरी, आणि कबरीवरची तिन्ही प्रकारची. म्हणजे हा गुण आईकडून येतो, बापाला त्यात वाटा नाही. पांढरी रोपे मात्र बियांतली शिदोरी संपताच मरतात.

आता एक ताकीद. ठिपकेदार रुंद पानांचा डिफेनबेकिया सावलीत उत्तम येतो, पण तो अळूच्या कुळातला आहे. अळूची खाज आपण जाणतोच. याच्या पानांत तसेच सुईसारखे स्फटिक असतात. चावले तर तोंडाची आग होते, जीभ सुजते, बोलणेही अवघड होते. मनीप्लांटही त्याच कुळातला. रांगते मूल किंवा मांजर घरात असेल तर या कुंड्या उंचावर ठेवा, आणि डिफेनबेकिया छाटल्यावर हात साबणाने धुवा.

पाणी मात्र बेताने. सावलीत माती लवकर सुकत नाही. बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच घालावे. पावसाळ्यात स्नेक प्लांटच्या कुंडीत पाणी तुंबले, तर बुंधा आतून सडतो आणि वरून कळतही नाही.