चप्पल काढून पाय दाखवा



आरोग्य शिबिरांत आम्ही पुष्कळांचा रक्तदाब मोजला, बोटाला टोचून साखर पाहिली. पण ‘चप्पल काढा, पाय दाखवा’ असे फार थोड्यांना म्हटले. ही आमची चूक आज कबूल करतो.

धमन्या आतून अरुंद होण्याचा जो रोग हृदयाला गाठतो, तोच पायालाही गाठतो. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबले की काही मिनिटांत उतरतो, पुन्हा तेवढे अंतर गेले की परत येतो. माणूस म्हणतो, वय झाले. कोणी कमरेची शीर दबली असे सांगतो, घरचे तेल चोळतात. बिडी मात्र चालूच! बर्जरचा रोग तर ऐन तारुण्यातल्या बिडी ओढणाऱ्यांचे पाय घालवतो. पुष्कळांना असे ठरावीक दुखणे होतही नाही. मधुमेहाने ज्याच्या पायाची जाणीव बोथट झाली, त्याला बोटावरची जखम चिघळल्यावरच कळते. अशा पायाला गरम पाण्याचा शेक देणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण. आणि ज्याच्या पायात हा रोग आहे, त्याला हृदयविकाराचा व पक्षाघाताचाही धोका अधिक असतो.

मग सर्वांचीच तपासणी करावी काय? आमच्या मते नाही. लक्षणे नसलेल्या सरसकट सर्वांना तिचा लाभ होतो असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने 2018 साली म्हटले. आपल्याकडे तीस वर्षांवरील लोकांना रक्तदाब व साखरेसाठी बोलावतातच. त्यांतले मधुमेही, तंबाखू ओढणारे आणि वयस्क निवडावेत, चालताना काय होते ते विचारावे आणि पायाची नाडी पाहावी. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही. म्हणून आतल्या घोट्यामागची नाडी चुकवू नये.

शंका आली तर घोट्याचा रक्तदाब घ्यावा. रुग्णाला पाच-दहा मिनिटे निजवून दोन्ही दंडांचा व दोन्ही घोट्यांचा वरचा दाब डॉप्लरने मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या मोठ्या आकड्याने भागायचे. दंडात 140 आणि घोट्यात 98, म्हणजे 0.70. उत्तर 0.90 किंवा कमी आले तर रोग आहे असे धरतात. 1.40 च्या वर गेले तर आनंद मानू नये. मधुमेहात धमन्या कडक होऊन दाबल्याच जात नाहीत, तेव्हा रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. गर्भाचे ठोके ऐकण्याचे यंत्र यासाठी चालत नाही, त्याची कंपनसंख्या वेगळी. हे मुद्दाम सांगतो, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा तेच असते.

रोग निघाला तर पाय लगेच कापतात, ही भीती लोकांच्या मनातून काढली पाहिजे. तंबाखू पूर्ण बंद, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या आणि दुखेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे. बहुतेकांचा उपचार येथूनच सुरू होतो. वेदना रात्री निजतानाही असेल किंवा बोट काळे पडले असेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय.

आमची सूचना एवढीच : पुढच्या शिबिरात नोंदणीच्या टेबलाशेजारी चपला काढून बसायला एक बाक ठेवावा, आणि विद्यार्थ्यांनी तपासणीच्या कागदावर दोन रकाने वाढवावेत, उजवा पाय व डावा पाय.