रस्त्याची डावी कड कोणाची?

(भाईंदर येथे नागरिकांच्या सभेत केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या दृष्टीने रस्ता हा वाटपाचा प्रश्न आहे. जागा मर्यादित, ती कोणाला किती द्यायची, हे सत्ता ठरवते. कामावर जाण्याचे साधन कोणते, हे २०११ च्या जनगणनेत विचारले गेले. शेती व घरगुती उद्योग यांबाहेरच्या श्रमिकांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने जात होते. मोटारीने ३ टक्क्यांहूनही कमी. रस्त्यांच्या आखणीत मात्र हे प्रमाण उलटे झालेले दिसते.

मीरा-भाईंदरची बहुतेक वस्ती खाडीकाठच्या सखल, सपाट भूमीवर आहे. सायकलला अनुकूल अशीच ही भूमी. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांतील कामगार, पहाटेचा पाववाला, रात्रपाळीचा पहारेकरी यांना सायकलची हौस नाही, गरज आहे.

त्यांच्या वाट्याला येते ती रस्त्याची डावी कड, आणि सर्वाधिक दुर्लक्ष होते तेही तिच्याकडेच. पाणी तिथे साचते, नळांसाठी खोदलेला चर तिथेच ओबडधोबड बुजवला जातो, गटाराच्या जाळीचे गज रस्त्याला समांतर असले की चाक अडकते. मोटारीला केवळ हिसका देणारा खड्डा सायकलस्वाराला मागच्या ट्रकखाली लोटू शकतो.

वास्तविक रस्ता झिजवण्यात त्याचा वाटा शून्यवत आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या चाचणीचा निष्कर्ष असा, की आसावरील भार दुप्पट झाला की झीज सुमारे १६ पट होते. झिजवतो ट्रक, पडतो सायकलवाला. आणि एके काळी पुण्यासारख्या शहरांत त्यालाच कर भरून सायकलला बिल्ला लावावा लागे!

यावर शोभेचा मार्ग हा उपाय नव्हे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये कोट्यवधी रुपये खर्चून सायकलमार्ग झाला. पुढे त्यावर मोटारी उभ्या राहिल्या. रस्त्यांची देखभाल हे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. तेव्हा मागणी साधी असावी : पावसाळ्यापूर्वी कडेची दुरुस्ती प्रथम व्हावी, जाळ्यांचे गज आडवे बसवावेत, खोदकामानंतर पूर्ववत पृष्ठभाग झाल्याखेरीज ठेकेदाराची अनामत परत करू नये, स्थानकांजवळ सायकलींसाठी राखणदारासह तळ असावा. जागा लागेल ती उभ्या मोटारींकडून घ्यावी, फेरीवाल्यांच्या पोटावर पाय देऊन नव्हे. एका श्रमिकाचा हक्क दुसऱ्याच्या भाकरीतून काढता येत नाही.

येत्या अंदाजपत्रकापूर्वी प्रत्येक प्रभागातून ही मागणी लेखी जावी, एवढीच माझी विनंती आहे.