वही मुलीकडे, पाना मुलाकडे

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आज बचतीबद्दल बोलायचं नाही, कर्जाबद्दलही नाही. आमच्या गावात रोबोट आला, त्याची गोष्ट सांगायची आहे. आणि तो आल्यावर आमचीच एक चूक आमच्या ध्यानात आली, तीही सांगायची आहे.

जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलामुलींचा एक रोबोटिक्स संघ आहे. वर्षभर खपून ही मुलं स्पर्धेसाठी रोबोट बनवतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी विचारलं, "दर रविवारी तुमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांना शिकवायला येऊ का?" शाळेने होकार दिला. मुलांची नावं गोळा करायचं काम आमच्या गटांकडे आलं.

पहिल्या रविवारी त्यांनी रोबोट बाहेर काढलाच नाही. एक मुलगा पुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मी रोबोट. मला भाकरी करायला सांगा." एक पोरगा ओरडला, "पीठ घे!" त्याने अख्खा डबाच उचलला. दुसरा म्हणाला, "पाणी घाल!" त्याने तांब्या उपडा करायचं सोंग केलं. पोरं हसून हसून लोळायला लागली. मग सहावीतली एक मुलगी उठली. "परातीत दोन मुठी पीठ घे. मधे खळगा कर. कोमट पाणी थोडं थोडं घाल. मळ. हाताला चिकटलं तर पीठ लाव." कॉलेजची ताई म्हणाली, "यालाच प्रोग्रॅम म्हणतात. यंत्राला आपल्या मनातलं कळत नाही. एकेक पायरी क्रमाने सांगावी लागते." ती पोर रोज सकाळी भाकऱ्या थापून शाळेत येते, म्हणून तिला पायऱ्या पाठ होत्या.

पुढच्या वेळी कुंडीतल्या तुळशीत दोन खिळ्यांसारखे दांडे खोचले. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरडीतून जात नाही. माती सुकली की छोटा दिवा लागायचा. त्या दिवशी पोरांना सेन्सर कळला. मागे बसलेल्या आम्हालाही कळला.

आता चुकीबद्दल. आम्ही दिलेल्या यादीत २४ मुलं होती. त्यात मुलगे १७ आणि मुली सात. यादी आम्हीच केली होती, पण तेव्हा कुणालाच खटकलं नाही. तिसऱ्या रविवारी सातातल्या दोनच मुली आल्या. भाकरीवाली आली होती. कॉलेजच्या ताईने आम्हाला बाजूला बोलावलं. म्हणाली, "ताई, वही कुणाकडे आहे आणि पाना कुणाकडे आहे, बघा ना." पाहिलं तर मुलगे स्क्रू पिळत होते आणि त्या दोघी त्यांनी सांगितलेलं लिहून घेत होत्या. अक्षर चांगलं म्हणून!

महिन्याच्या बैठकीत हा विषय घेतला. मुली का येत नाहीत, ते आयांनाच विचारलं. उत्तरं साधी होती. रविवार हा धुण्याचा दिवस. लहान भावंडाला कोण बघणार? आणि एक मावशी हळूच म्हणाल्या, "कॉलेजची मोठी पोरं येतात. पोरीला एकटी कशी पाठवू?" यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण एकही असं नव्हतं, की ज्यावर उपाय नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. म्हणून वर्ग शनिवारी दुपारी, शाळेला जोडूनच ठेवला. धाकटी भावंडं सोबत आणायला परवानगी दिली. दर शनिवारी गटातली एक बाई पाळीने वर्गात बसायची, हे ठरलं. आणि संघाने नियम केला, की दर अर्ध्या तासाला वही आणि पाना यांची अदलाबदल.

त्याच ताईने अमेरिकेतल्या एका स्पर्धेबद्दल सांगितलं. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' नावाची संस्था काढली. १९९२ मध्ये तिची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा २८ संघ होते. आज जगभरातली शाळेची मुलं तिच्यात उतरतात. पण तिथला सगळ्यांत मानाचा पुरस्कार मैदानात जिंकलेल्या रोबोटला मिळत नाही. आपल्या परिसरात विज्ञानाची गोडी पसरवणाऱ्या संघाला तो मिळतो. त्यामुळे मोठी मुलं लहानांचे संघ तयार करतात, त्यांना शिकवतात. ऐकून आम्हाला ओळखीचंच वाटलं. जुना गट नव्या गटाला हिशेब शिकवतो, तसंच हे.

दिवाळीनंतर कॉलेजच्या परीक्षा आल्या आणि संघाचं येणं थांबलं. सामानाची पेटी ते शाळेत ठेवून गेले. आम्ही ती कपाटात घातली आणि कुलूप लावलं. का, तर मोडेल म्हणून. तीन आठवडे ती तशीच राहिली. शेवटी भाकरीवाली पोरच म्हणाली, "गटाचे पैसे तुम्ही वहीवर सही घेऊन देताच की. तशी पेटी द्या." बरोबर होतं तिचं. पैसा पेटीत ठेवून गट वाढत नाही, तो फिरावा लागतो. आता सामान नोंद करून दिलं जातं, मोजून परत घेतलं जातं. एक तार तुटली, तर दुसरी जोडली. नोंदवही एक मुलगा सांभाळतो, आणि दर शनिवारी भाकरीवाली चौथीच्या पोरांना शिकवते. सुरुवात भाकरीपासूनच करते.

सगळं झालं असं नाही. सात मुलींपैकी पाच नियमित येतात. एकीला घरून अजून परवानगी नाही, तिच्या आईशी आमचं बोलणं चालू आहे. एक आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली आहे. तिचं नाव आम्ही हजेरीतून काढलेलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या तालुक्यात चौकशी करा. केंद्राच्या नीती आयोगाने २०१६ पासून निवडक शाळांना अटल टिंकरिंग लॅब दिल्या आहेत, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. जवळच्या एखाद्या शाळेत अशी लॅब असेल, तर आमच्या मुलांना महिन्यातून एकदा येऊ द्याल का, असं विचारा. जवळ इंजिनिअरिंग कॉलेज असेल तर तिथेही विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि कुणी शिकवायला आलं, तर तीन गोष्टी बघा. यादीत मुली किती आहेत? वेळ त्यांना जमणारी आहे का? आणि ते लोक निघून गेल्यावर पेटीची किल्ली कुणाकडे राहणार?

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हे तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. काय ठरलं ते आम्हाला कळवा.