धुराड्यातली काजळी

न्यू जर्सीत किंवा लंडनच्या उपनगरात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला दिवाणखान्यातली फायरप्लेस बरेचदा घराबरोबरच मिळते. आजच्या श्रोत्यांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे अशा घरांत राहतात. हिवाळ्यात आजी-आजोबा तिकडे गेले की हौसेने लाकडे पेटवली जातात. चूल आणि बंब पाहिलेल्या माणसाला विस्तवाची भीती नसते. पण आपल्याकडचा धूर कौलांच्या फटींतून वाट काढायचा. दोन मजले चढून जाणाऱ्या बंदिस्त धुराड्याशी आपली गाठ कधी पडली नाही. फायरप्लेसचा मोठा धोका असतो तो तिथे, डोळ्यांआड.

धूर म्हणजे बऱ्याच अंशी न जळलेले लाकूडच. लाकूड तापले की त्यातून वायू आणि डांबरी वाफा निघतात. आच पुरेशी असली तर त्या जळून ऊब देतात. नसली तर तशाच वर चढतात आणि धुराड्याच्या गार भिंतींवर थिजतात. या थराला क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला तो भुसभुशीत असतो, ब्रशने सहज झडतो. पुढे त्याचे खरखरीत काळे पापुद्रे होतात. हयगय चालूच राहिली तर आतून लाखेचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत, टणक थर बसतो आणि तो साध्या ब्रशला दाद देत नाही. हा थर स्वतःच जळाऊ असतो. एखादी मोठी ज्वाळा वर पोहोचली की तो पेट घेतो. तापमान हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, आतले भाजक्या मातीचे नळे तडकतात आणि भेगांतून आच घराच्या लाकडी सांगाड्याला भिडते. कधी अशी आग घुमत, गर्जत येते. कधी घरातल्यांना पत्ताही न लागता जळून विझते. मागे राहतात त्या भेगा, पुढच्या आगीला वाट करून देणाऱ्या.

त्यामुळे लाकूड पुरवून पुरवून जाळण्याची काटकसर इथे अंगलट येते. हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवलेल्या विस्तवातून क्रिओसोट सर्वांत जास्त साचतो. आग लहान असावी, पण रसरशीत असावी.

त्यासाठी लाकूड सुके हवे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते आणि आगीची बरीच आच ते पाणी उडवण्यातच जाते. ओंडके फोडून, वरून झाकून पण बाजूंनी वारा खेळेल असे रचले तर सहा महिने ते वर्षभरात वाळतात. ओकसारख्या कठीण लाकडाला दोन वर्षेही लागतात. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडतात, साल सुटू लागते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ते खणखणीत वाजतात. ओले लाकूड बद्द वाजते. ओलावा मोजायचे छोटे यंत्रही मिळते, आकडा 20 टक्क्यांच्या आत हवा. इंग्लंडमध्ये मे 2021 पासून कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडाला कायद्यानेच ही मर्यादा घातली आहे. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, भेटवस्तूंचे कागद यांना फायरप्लेसमध्ये जागा नाही.

धुराडे झाडण्याच्या कामाचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे आणि तो वगळून पुढे जाणे योग्य नाही. लंडनमध्ये पाच-सहा वर्षांची मुले अरुंद, वाकड्या धुराड्यांत चढवली जात. 1775 मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने या कामगारांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला; व्यवसायातून होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली नोंद मानली जाते. 1803 मध्ये जॉर्ज स्मार्टने पोकळ काठ्या दोरीत ओवून, टोकाला ब्रश लावून मुलांशिवाय धुराडे झाडण्याचे साधन करून दाखवले. कायदे 1788, 1834, 1840 असे होत राहिले, पण ते पाळले गेले नाहीत. 1875 मध्ये फुलबर्नच्या इस्पितळातल्या धुराड्यात अडकून जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा दगावला. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरींच्या खटपटीतून पोलीस परवान्याची सक्ती करणारा कायदा झाला. साधन हाताशी असताना बहात्तर वर्षे मुले वर चढत राहिली, हे वाचून आजही संताप येतो. आता तेच काम ब्रश आणि यंत्राने कुणाच्याही जिवाला धक्का न लावता होते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकांत धुराड्याची तपासणी दरवर्षी सांगितली आहे, आणि थर सुमारे तीन मिलिमीटरचा झाला की सफाई करावी, असे तिथले जाणकार सांगतात. ती टाळायला सबब उरत नाही.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस ते प्रवासाच्या शिणवट्यावर ढकलतो. झोपायला जाताना ऊब टिकावी म्हणून निखारे जिवंत असतानाच धुराड्याची झडप लावणे म्हणूनच घातक. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट बंद, आणि स्वयंपाकघरात फोडणीसाठी पंखा पूर्ण वेगाने चालू. पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, मग धुराड्याचा ओढा उलटतो आणि धूर खोलीत येतो. आग पेटलेली असताना पंखा बंद ठेवावा, नाहीतर खिडकी बोटभर उघडावी. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ हवाच.

उरली राख. भांडी घासायला चुलीतली राख डब्यात भरून ठेवणाऱ्या पिढीला तिचे भय वाटत नाही. पण जाड राखेखाली निखारा चार दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. 2011 च्या नाताळच्या पहाटे कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड शहरात एका घराला आग लागून आजी-आजोबा आणि तीन नाती गेल्या. फायरप्लेसमधून काढून मागच्या बाजूला ठेवलेली राख हे कारण शहराच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. राख घट्ट झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढावी, तिच्यावर पाणी घालावे आणि बादली लाकडी डेकवर किंवा गॅरेजमध्ये न ठेवता घरापासून दूर, उघड्या जमिनीवर ठेवावी. पूर्ण निवल्यावर ती परसातल्या मातीत थोडी थोडी मिसळता येते. ब्लूबेरीसारख्या, आंबट माती लागणाऱ्या झाडांना मात्र ती घालू नये.