एकट्याचा ट्रॉम्बोन

श्रोतेहो, बँडातली पितळेची लांबलचक नळी पुढे-मागे सरकवणारा गडी आपण पाहिला असेल. ते वाद्य म्हणजे ट्रॉम्बोन. साथीवाचून ते एकट्याने कसे वाजवतात, ते आज पाहू.

जाझ मुंबईला नवखे नाही. हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट हॉटेलांतून गाजला, आणि १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांना त्यांची मदत झाली. पण तिथे पाठीशी ताफा असे. आपल्या गवयालाही तंबोऱ्याचा टेकू असतो. इथे तोही नाही! श्वास घ्यायला थांबलात, की सगळे थांबते.

आता समजा, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या मुलाला हे शिकायचे आहे. खोली १६० चौरस फुटांची. नळी पुरती बाहेर काढली, की वाद्य पुरुषभर लांब होते. भिंतीपलीकडे रात्रपाळीचा शेजारी झोपलेला. मग कर्ण्याच्या तोंडात बूच बसवा, नाहीतर पहाटे जांबोरी मैदान गाठा. (२०२५ साली तिथल्या पहिल्या रहिवाशांना टॉवरातल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. भिंत बदलली, शेजारी तोच!)

नळीच्या जागा सात. प्रत्येक जागी सूर अर्ध्या स्वराने उतरतो. मध्ये न थांबता सरकवली, तर अस्सल मींड निघते. बाजाच्या पेटीला ती कधी जमायची नाही.

पण साथीचे काय? जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचे आल्बर्ट मांगेल्सडोर्फ (१९२८ ते २००५) यांनी त्यावर तोड काढली. ओठांनी एक सूर वाजवायचा आणि त्याच वेळी घशातून दुसरा गायचा. समजा, षड्ज सेकंदाला १२० कंपनांचा वाजवला आणि १८० चा पंचम गायला. या दोन सुरांच्या वजाबाकीचा ६० चा खालचा षड्ज आणि बेरजेचा ३०० चा तार गंधार आपोआप उमटतात. तंबोरा नीट जुळला म्हणजे न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, त्याच्याच जातीची ही किमया. माणूस एक, सूर चार. मात्र गळा रेसभर ढळला, की गंधार पळालाच.

शिक्षकांनी वर्गात जरूर करून पाहावे. हातभर रबरी नळीच्या टोकाला नरसाळे खोचा, दुसऱ्या टोकाशी मिटलेले ओठ फुरफुरवा आणि सूर लागला, की घशातून हळूच 'ऊं' म्हणा. पहिल्या दिवशी रेडा गुरगुरल्यासारखे होईल. मुलांना हसू द्या.